अ‍ॅलीवे (गेम बॉय): विटा फोडण्याचा साधा खेळ आणि अंगठ्याखालची दोन बटणं

निन्टेंडोचा गेम बॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी दुकानात आला, तेव्हा त्याच्यासोबत मोजक्याच कॅसेट होत्या. ‘सुपर मारिओ लँड’ होता, ‘बेसबॉल’ होता, माहजाँगचा ‘याकुमान’ होता आणि ‘अ‍ॅलीवे’ होता. जूनमध्ये ‘टेट्रिस’ आला आणि अ‍ॅलीवेचं नाव मागे पडलं ते पडलंच. तेव्हापासून याच्याबद्दल जे लिहिलं जातं ते थोड्याफार फरकाने सारखंच असतं: रटाळ, जुनाट, ‘अर्कनॉइड’ या विटा फोडण्याच्याच खेळापुढे फिका. यातलं बरंचसं खरं आहे. पण हातात धरायच्या यंत्रावर विटा फोडण्याचा खेळ नीट चालवायचा तर एक मूळ अडचण सोडवावी लागते. ती अडचण या खेळाने ज्या पद्धतीने सोडवली, तितकी स्वच्छ उकल त्याच्यानंतर आलेल्या अनेक देखण्या खेळांनाही जमलेली नाही. हा खेळ आजही घेण्यासारखा आहे तो त्या एका गोष्टीसाठी.

आपल्याकडे ‘ब्रिक गेम’ म्हटलं की जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारं, ‘९९९९ इन १’ असं छापलेलं सेलवरचं यंत्र डोळ्यांपुढे येतं. त्यात मुख्यतः वरून पडणारे ठोकळे रचायचे असतात. विटा फोडण्याचा प्रकारही त्यात असतो, पण तिथे चेंडू चौकोनाचौकोनाने उडी मारत जातो, त्यामुळे कोन असा काही नसतोच. अ‍ॅलीवे वेगळ्या घराण्यातला आहे. खाली फळी, वर विटांची भिंत, मध्ये चेंडू. फळीवरून चेंडू परतवत राहायचं, वरच्या सगळ्या विटा फोडायच्या आणि चेंडू फळीखाली जाऊ द्यायचा नाही.

मूळ अडचण कोणती, ते आधी सांगायला हवं. या प्रकारचा पहिला खेळ, अटारीचा ‘ब्रेकआउट’, १९७६ साली आला आणि तो गोल फिरवायच्या खुंटीवर चालायचा. निन्टेंडोने स्वतः १९७९ मध्ये टीव्हीला जोडायचं ‘ब्लॉक कुझुशी’ नावाचं यंत्र काढलं होतं. त्याच्या बाहेरच्या खोक्याची रचना मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांची, आणि त्यालाही फिरवायची खुंटीच होती. ‘अर्कनॉइड’ १९८६ साली आर्केडमध्ये आला तोही खुंटीवरच. खुंटीचा गुण असा की हात जितका फिरेल तितकीच फळी सरकते. मनगटाला झटका दिला की ती या टोकाहून त्या टोकाला जाते, आणि खुंटी केसभर हलवली तर केसभरच हलते. म्हणजे हाताने फळीची जागाच ठरवता येते.

गेम बॉयला खुंटी नाही. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण आहे. ते दाबलेलं असतं किंवा नसतं, अधलंमधलं काही नाही. दाबलं की फळी ठराविक वेगाने निघते, सोडलं की थांबते. हा वेग जास्त ठेवला तर फळी चेंडूच्या पुढे निघून जाते, कमी ठेवला तर दूरच्या कोपऱ्यातला चेंडू हाती लागत नाही. मधला ठेवला तर दोन्ही तोटे थोडेथोडे पदरात पडतात. बटणांच्या मोबाइलवर ४ आणि ६ दाबून खेळायचे विटांचे खेळ ज्यांनी खेळले आहेत त्यांना हे नेमकं ठाऊक असेल. तिथे चेंडू सुटतो तो बऱ्याचदा फळी वेळेवर न पोचल्यामुळे किंवा पोचून पुढे गेल्यामुळे. खेळणाऱ्याची नजर चुकलेली नसते.

अ‍ॅलीवेने फळीला एकाऐवजी तीन वेग दिले. नुसतं दिशेचं बटण दाबलं तर मधला वेग. सोबत ए दाबून धरलं तर फळी धावते. बी दाबून धरलं तर ती मुंगीच्या पावलाने सरकते. चेंडू सोडायचं कामही ए बटणाचंच. बस, इतकंच. ज्याने हे वाचलं नाही किंवा माहितीपुस्तिका उघडली नाही, तो सबंध खेळ मधल्याच वेगात खेळतो आणि मग त्याला तो खरोखरच मंद आणि अन्यायी वाटतो. या खेळाबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथून उगम पावतात, असं आमचं ठाम मत आहे.

हात बसवायची रीत अशी. उजवा अंगठा टोकावर उभा धरू नका, आडवा ठेवा. गेम बॉयवर ए बटण उजवीकडे आणि जरा वर, बी डावीकडे आणि जरा खाली. अंगठ्याचं टोक बीवर आणि पेराचा मांसल भाग एवर येईल असा अंगठा टेकवला की उचलण्याची गरजच उरत नाही. पेर दाबलं की फळी धावते, टोक दाबलं की सरकते, काहीच दाबलं नाही की मधला वेग. चेंडू खाली यायला लागला की प्रथम ए दाबून त्याच्या दिशेने धाव घ्यायची. फळीभर अंतर उरलं की ए सोडायचं. मग बी दाबून फळीचा हवा तो भाग चेंडूखाली आणायचा. धाव, सोड, सरक. दोन्ही बटणं एकदम दाबली जाऊ देऊ नका, हाताला चुकीचं वळण लागतं. सुरुवातीला हे अवघड वाटतं, कारण डावा अंगठा दिशा सांभाळत असतानाच उजव्याने वेग सांभाळायचा असतो. पण पहिल्या तीन-चार लेव्हलमध्ये चेंडू संथ असतो, तेवढ्यात हाताला सवय होते. एकदा झाली की खुंटीची आठवण येत नाही.

शेवटचं ‘सरक’ इतकं महत्त्वाचं का, हे चेंडूच्या वागण्यातून कळतं. अ‍ॅलीवेमधला चेंडू हव्या त्या कोनात जात नाही. त्याला ठरलेले कोन आहेत: १५, ३० आणि ४५ अंश. फळीवर आपटल्यावर यातला कोणता मिळेल हे दोन गोष्टी ठरवतात. चेंडू कोणत्या कोनात आला आणि फळीच्या कोणत्या भागावर पडला. फळी त्या क्षणी हलत होती की स्थिर होती याने काहीही फरक पडत नाही. त्यामुळे शेवटच्या क्षणी फळीला झटका देऊन चेंडूला ‘कट’ मारायचा प्रयत्न इथे वाया जातो. इतर अनेक खेळांतून आलेली मंडळी नेमकी हीच सवय घेऊन येतात आणि चेंडू ऐकत नाही म्हणून वैतागतात. वेळेआधी पोचा, फळीची जागा निवडा आणि थांबा. कॅरममध्ये रिबाउंड मारताना स्ट्रायकर कुठे टेकवायचा याचा विचार मारण्याआधी करावा लागतो, तसाच हा हिशेब आहे.

कोन ठरलेले असण्याचा दुसरा परिणाम शेवटच्या विटांवर होतो आणि तो वाईट आहे. भिंत भरलेली असते तोवर चेंडू कुठेही गेला तरी काहीतरी फुटतं. दोन-तीन विटा उरल्या की मात्र चेंडू त्याच त्याच रेषांवरून फिरत राहतो आणि नेमकी हवी ती वीट चुकवतो. यावर उपाय एकच: दर वेळी फळीचा निराळा भाग पुढे करायचा. मध्यावर घेतलेला चेंडू विटेच्या उजवीकडून जात असेल तर पुढच्या वेळी फळी बीने थोडी सरकवून कडेवर घ्या, रेषा बदलेल. एकाच भागावर घेत राहिलात तर तीच रेषा पुन्हा पुन्हा मिळणार. इतकं करूनही काही लेव्हलचा शेवट कंटाळवाणा होतो हे मान्य करायलाच हवं. ‘अर्कनॉइड’मध्ये अशा वेळी लेझर किंवा तीन चेंडू मदतीला येतात. इथे वरून पडणारी कॅप्सूल नाही, बंदूक नाही, लांब होणारी फळी नाही. पहिल्या लेव्हलला जे हातात असतं तेच शेवटपर्यंत. निन्टेंडोने ‘अर्कनॉइड’ पाहिलेला असूनही तीन वर्षांनंतर इतकं कोरडं ताट वाढलं, ही या खेळाची सर्वांत मोठी उणीव आहे.

विटांचे रंग नीट पाहा, कारण गुण आणि वेग दोन्ही त्यांवर आहेत. गेम बॉयला करड्याच्या चारच छटा. सर्वांत फिकट वीट एक गुण देते, मधली दोन, काळी तीन. फिकट विटांवर आपटून चेंडूचा वेग बदलत नाही. गडद विटांवर आणि न फुटणाऱ्या पोलादी विटांवर आपटला की वाढतो. म्हणून गडद विटांच्या रांगेवर चेंडू अडकून पाच-सहा वेळा खडखडला की खाली येतो तो भलत्याच वेगाने. अशा वेळी चेंडूकडे बघत बसू नका. तो वर अडकलेला असतानाच फळी मैदानाच्या मध्यावर आणून ठेवा, म्हणजे कुठल्याही बाजूला ए दाबून निम्मंच अंतर धावावं लागेल.

भिंतीच्या एका कडेने उभा बोगदा पाडायचा आणि चेंडू वर पाठवायचा, ही या प्रकारातली सर्वांत जुनी युक्ती. वर गेलेला चेंडू छत आणि विटांच्या पाठीमध्ये आपोआप फोडत बसतो आणि तेवढा वेळ फळीला विश्रांती. अ‍ॅलीवेमध्ये ती चालते, पण तिची किंमत मोजावी लागते. काही लेव्हलमध्ये चेंडू छताला टेकला की फळी निम्मी होते. हा नियम थेट १९७६च्या ‘ब्रेकआउट’मधून आलेला आहे. निम्म्या फळीवर बीने सरकण्याचं महत्त्व दुप्पट होतं, कारण कोन निवडायला जागाच थोडी उरते. ज्या लेव्हलमध्ये हा नियम लागू आहे तिथे आधी खालच्या रांगा रुंद फोडून घ्याव्यात आणि बोगदा मग पाडावा. चेंडू वर जायचा तो जाणारच, पण तेव्हा फोडायला कमी विटा उरलेल्या असतील.

एकूण साध्या लेव्हल २४ आणि बोनस ८. साध्या लेव्हलची मांडणी तीन-तीनच्या गटांत आहे. विटांची एक नक्षी पहिल्या वेळी स्थिर असते. दुसऱ्या वेळी तीच नक्षी आडवी सरकत राहते. तिसऱ्या वेळी ती थोडी थोडी खाली उतरत येते. मग एक बोनस. म्हणजे नक्षी खरं तर आठच आहेत, उरलेलं सगळं त्यांचं हलणं. लिहिताना हे काटकसरीचं वाटतं, खेळताना तितकंसं जाणवत नाही. सरकत्या लेव्हलमध्ये बोगदा जागेवर राहत नाही, तो भिंतीसोबत चालत जातो. म्हणून तिथे नेम विटेवर धरायचा नसतो, चेंडू वर पोचेपर्यंत वीट जिथे असेल तिथे धरायचा. उतरत्या लेव्हलमध्ये फळी आणि विटा यांतलं अंतर घटत जातं, चेंडूचा परतीचा प्रवास आखूड होतो आणि ‘धाव, सोड, सरक’मधल्या सरकण्याला वेळच उरत नाही. तिथे खालच्या रांगा पहिल्यांदा मोकळ्या करण्याला पर्याय नाही. कोपऱ्यात एखादी वीट मागे ठेवली तर ती खाली येऊन छळते. या तीन प्रकारांत सरकता प्रकार सर्वांत चांगला आहे, कारण तिथे कोन आणि वेळ दोन्हींचा विचार एकदम करावा लागतो.

बोनस लेव्हलमध्ये मारिओच्या खेळांतली पात्रं विटांनी चितारलेली असतात. इथला नियम निराळा: चेंडू विटांवरून परत फिरत नाही, आरपार जातो आणि वाटेतल्या सगळ्या फोडतो. वेळ मर्यादित. पहिल्या बोनसला ९५ सेकंद मिळतात आणि पुढे दर वेळी पाच सेकंदांनी कमी होत शेवटच्याला ६० उरतात. चेंडू सुटला तर बोनस संपतो, लाइफ जात नाही. सगळं चित्र पुसलं गेलं तर जादा गुण. हे गुण सोडण्यासारखे नाहीत, कारण दर १००० गुणांना एक जादा लाइफ मिळते आणि ही सोय १०,००० पर्यंतच आहे. त्यापुढे एकही नाही. म्हणजे खेळ कठीण होऊ लागतो तेव्हा पुरवठा थांबतो आणि साठवलेल्यांवर निभवावं लागतं. चेंडू आरपार जात असल्याने एका फेरीत किती विटा जातील हे केवळ कोनावर ठरतं. एकाच रेषेवरून दोनदा गेलात तर दुसरी फेरी रिकामी. म्हणून इथे फळीचा भाग दर वेळी बदलत राहायची सवय सर्वांत जास्त कामी येते. आमच्या मते शेवटच्या विटांची तयारी करायला बोनस ही उत्तम जागा आहे.

आवाजाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साध्या लेव्हलमध्ये संगीत नाही, फक्त फळी आणि विटांचे टकटक आवाज. बोनसला संगीत आहे. हेडफोन लावून तासभर खेळणार असाल तर हे रिकामपण जाणवेल. मात्र तेच टकटक कान देऊन ऐकलं तर चेंडू वर कुठे अडकला आहे ते कळतं आणि नजर फळीकडे ठेवता येते.

मारिओचं म्हणाल तर सुरुवातीला तो फळीत चढून बसतो आणि पाश्चात्य देशांतल्या खोक्यावर त्याचं चित्र आहे. तेवढ्यापुरताच तो इथे आहे. मारिओचा खेळ म्हणून घेतलात तर फसवणूक झाल्यासारखं वाटेल.

आता यंत्राचा विचार, कारण अ‍ॅलीवेचा अनुभव यंत्रागणिक खूप बदलतो. १९८९च्या मूळ गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट आणि संथ. हलणाऱ्या वस्तूमागे सावली उमटते. ‘टेट्रिस’ला त्याने काही बिघडत नाही, ठोकळा सावकाश पडतो. पण अ‍ॅलीवेचा चेंडू बारीक आणि जलद. वेग वाढला की पडद्यावर चेंडूऐवजी पुसट रेघ दिसते. या खेळासाठी मूळ यंत्र घेऊ नका. १९९६चा गेम बॉय पॉकेट बराच बरा, पडदा काळा-पांढरा आणि सावली कमी. तो दोन बारीक एएए सेलवर चालतो, मूळ यंत्राला चार एए लागत. १९९८चा गेम बॉय कलर त्याहून चांगला. सर्वांत सोयीचा म्हणजे २००३चा घडीचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी. पडदा उजळतो, बॅटरी चार्ज होते आणि जुनी कॅसेट थेट बसते. निन्टेंडो डीएसमध्ये मात्र गेम बॉयची जुनी कॅसेट चालत नाही. दिसायला खाच आहे, पण ती फक्त अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटसाठी आहे. विकणाऱ्याने काहीही सांगितलं तरी हे लक्षात ठेवा.

गेम बॉय कलरवर खेळणार असाल तर एक बारकावा. जुनी काळी-पांढरी कॅसेट घातली की यंत्र तिला आपल्याच मनाने रंग देतं. हे रंग दिसायला छान असतात, पण फिकट, मधली आणि काळी यांतला फरक त्यात हरवू शकतो. आणि वर सांगितल्याप्रमाणे तोच फरक इथे कामाचा आहे. यंत्र चालू करताना कंपनीचं नाव पडद्यावर दिसत असतानाच दिशेचं बटण डावीकडे आणि सोबत बी दाबा. सगळं करड्यात येईल. करडं नको असेल तर नुसतं डावीकडे दाबून निळं, खाली दाबून फिकट रंग, असे एकूण बारा जोड आहेत, पण विटा ओळखायला करड्याला तोड नाही.

वापरलेली कॅसेट घेताना एका बाबतीत निश्चिंत राहा. गेम बॉयच्या अनेक कॅसेटमध्ये गुण आणि प्रगती जपण्यासाठी आत बटणसेल असतो आणि इतक्या वर्षांत तो संपलेला असतो. अ‍ॅलीवेमध्ये सेलच नाही. त्यामुळे संपण्यासारखं काही नाही. तोटाही त्यातच आहे: यंत्र बंद केलं की सर्वाधिक गुणांचा आकडा पुसला जातो. विक्रम ठेवायचा असेल तर बंद करण्याआधी पडद्याचा फोटो काढा.

आतला प्रोग्राम जेमतेम ३२ किलोबाइटचा आहे. म्हणूनच स्वस्त ‘अनेक खेळ एकात’ छापाच्या नकली कॅसेटमध्ये तो हमखास सापडतो. नकली कॅसेटवरही खेळ तोच असतो, पण तिचे पाय जाड-बारीक असतात, यंत्रात सैल बसते आणि हादरा बसला की खेळ गोठतो. अस्सल कॅसेट ओळखायची तर लेबलवर छापलेली अक्षरं रेखीव आहेत का, प्लास्टिकच्या वरच्या पट्टीवर कोरलेलं गेम बॉयचं नाव ठसठशीत आहे का ते पाहा. खालच्या फटीतून आतल्या पट्टीवरचे सोनेरी पाय दिसतात, ते एकसारखे हवेत.

कॅसेट घातल्यावर कंपनीच्या नावाऐवजी काळा चौकोन किंवा गिचमीड अक्षरं खाली सरकली तर ती बहुधा बिघडलेली नसते, पाय मळलेले असतात. तोंडाने फुंकर मारू नका, वाफेने पाय गंजतात. कान साफ करायचा कापसाचा बोळा नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेच्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवा, जरा निथळू द्या आणि पायांवर लांबीच्या दिशेने फिरवा. बोळा काळा निघाला की नवा घ्या. स्वच्छ निघेपर्यंत करा आणि पाच मिनिटं सुकू द्या. एवढ्यानेही चालली नाही तर यंत्राच्या खाचेतले पाय मळलेले असू शकतात. अल्कोहोल लावलेली चालू कॅसेट चार-पाचदा आतबाहेर केली की तेही साफ होतात. यंत्र अर्थातच बंद ठेवून.

जुन्या यंत्रात दोन दोष या खेळाला विशेष भोवतात. पहिला दिशेच्या बटणाचा. खालचं रबर झिजलं किंवा मळलं की डावी किंवा उजवी बाजू मध्येच लागत नाही. इतर खेळांत चालून जातं, इथे जात नाही, कारण सबंध खेळ याच दोन दिशांवर आहे. घेण्याआधी फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बी दाबून सावकाश नेऊन पाहा. ती मध्ये अडखळली तर दोष आहे. यंत्र उघडून रबराची काळी टिकली आणि तिच्याखालची पट्टी अल्कोहोलने पुसली की बहुतेकदा काम होतं, त्यासाठी तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो. दुसरा दोष मूळ गेम बॉयच्या पडद्याचा: उभ्या रेघा गायब होतात. पडद्याच्या खालच्या कडेची जोडणी सुटल्याने हे होतं. चेंडू त्या रेघेत शिरला की दिसेनासा होतो. सोल्डरिंगच्या उपकरणाने त्या कडेला हलकी उष्णता देऊन ती परत आणता येते, पण हात बसलेला नसेल तर जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्या. जास्त उष्णतेने पट्टीच करपते.

कॅसेट आणि यंत्राच्या भानगडीत पडायचं नसेल तर निन्टेंडो स्विचच्या सशुल्क सदस्यत्वातल्या गेम बॉय संग्रहात हा खेळ २०२४ मध्ये आला आहे. निन्टेंडोच्या ३डीएस या यंत्रावर तो २०११ पासून ऑनलाइन दुकानात विकत मिळत होता, पण त्या दुकानाची विक्री मार्च २०२३ मध्ये बंद झाली. ज्यांनी आधी घेतला आहे त्यांच्यासाठी तो आहेच. स्विचवर हवा तिथे थांबून जागा जपता येते आणि खेळ मागे फिरवता येतो. म्हणजे विक्रम पुसला जाण्याचा प्रश्न मिटतो. मात्र स्विच टीव्हीला जोडून खेळू नका. पुष्कळ टीव्ही चित्र दाखवायला क्षणभर उशीर करतात आणि तेवढ्यात चेंडू सुटतो. टीव्हीवरच खेळायचं असेल तर त्यातला ‘गेम मोड’ चालू करा. यंत्र हातात धरूनच खेळणं उत्तम. स्विचच्या डाव्या बाजूच्या कंट्रोलरवर, म्हणजे जॉय-कॉनवर, चार सुटी बटणं आहेत, त्यांवर अंगठा डावीकडून उजवीकडे नेताना क्षण जातो. वेगळ्या मिळणाऱ्या प्रो कंट्रोलरचं जोडलेलं बटण त्यापेक्षा बरं. अंगठ्याने फिरवायची काडी (अ‍ॅनालॉग स्टिक) वापरू नका, फळीचे वेग ए आणि बीच ठरवतात.

अ‍ॅलीवे संपवून याच वाटेवर पुढे जायचं असेल तर दोन खेळ पाहावेत. पहिला ‘कर्बीज ब्लॉक बॉल’, १९९५, याच गेम बॉयसाठी. फळी फक्त खाली नसते, बाजूंना आणि वरही असते, आणि आपटण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबलं तर चेंडू जोरात जातो. अ‍ॅलीवेत जे कोरडेपण आहे ते इथे मुळीच नाही. लहान मुलांसाठी घेणार असाल तर अ‍ॅलीवे सोडून हाच घ्या.

दुसरा ‘अर्कनॉइड डीएस’, २००७. ‘अर्कनॉइड’ बनवणाऱ्या टायटो कंपनीने जपानमध्ये यासोबत खुंटीचं छोटं जोडयंत्र विकलं, जे डीएसच्या खालच्या खाचेत बसतं. तीस वर्षांपूर्वीची खुंटी हाताच्या तळव्यात परत आली. त्याच खुंटीवर टायटोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स एक्स्ट्रीम’ही चालतो. घेताना डीएसचा प्रकार तपासा: मूळ डीएस आणि डीएस लाइट यांना ती खाच आहे, डीएसआय आणि ३डीएस यांना नाही. मूळ डीएसच्या जाड अंगात ती बसते कशी हेही विकणाऱ्याकडून आधी विचारून घ्या, आणि सुटी खुंटी घेत असाल तर ती गोल फिरवताना पडद्यावरची फळी मध्येच उडी मारत नाही ना, एवढं समोर पाहूनच पैसे द्या.